नवं इंजिन, निळा धूर!

बोनस आला, इंजिन बांधलं, कॅम बदलला, एक्झॉस्ट घातला... आणि दोन महिन्यांत गाडी ऑइल प्यायला लागली. गॅरेजवाला म्हणतो, रिंगा. पण खरा चोर पुष्कळदा वरच्या मजल्यावर लपलेला असतो. त्याचं नाव व्हॉल्व्ह गाइड!

सिग्नल सुटतो. पुढे उभी असलेली जुनी होंडा सिटी व्हीटेक मस्तपैकी डरकाळी फोडते, बाजूच्या नव्याकोऱ्या एसयूव्हीवाल्याच्या चेहऱ्यावरचे भाव बदलतात आणि... भस्सकन निळसर धुराचा एक लोट! मागची स्कूटरवरची मुलगी स्कार्फ नाकावर ओढते. झालं, सगळं इम्प्रेशन खल्लास.

अशा गाडीच्या मालकाला पुढच्या सिग्नलला गाठून विचारा. उत्तर ठरलेलं, ‘अरे यार, आत्ताच तर इंजिनचं काम केलंय!’ आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नसतो. त्याने खरंच काम केलेलं असतं. बिल दाखवेल तुम्हाला. पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंग नवी. बिलाच्या तळाशी एक छोटीशी ओळ असते, ‘हेड सर्व्हिस’. या दोन शब्दांत नेमकं काय केलं, हे त्याला माहीत नसतं आणि बहुधा त्याने विचारलेलंही नसतं. सगळा घोळ तिथेच असतो.

जुन्या गाडीत नवा जीव

आधी थोडं बॅकग्राउंड. नव्या गाडीचा ईएमआय डोक्यावर घेण्यापेक्षा घरातलीच जुनी गाडी मस्त बांधून घ्यायची, हा फंडा आपल्याकडे चांगलाच रुजलाय. त्यात सिटी व्हीटेकचं स्थान वेगळंच. २००० साली ही गाडी आली तेव्हा दीड लिटरच्या इंजिनातून १०६ बीएचपी म्हणजे कॉलर टाइट मामला होता. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, वरच्या आरपीएमला व्हीटेक लागलं की आवाजच बदलायचा. २००३ मध्ये पुढचं ‘डॉल्फिन’ मॉडेल आलं, ते शहाणं, सुस्वभावी आणि किफायती होतं. त्यामुळे जुन्या व्हीटेकचे भक्त आणखीच कट्टर झाले. आज या गाड्या वीस-पंचवीस वर्षांच्या आहेत. बऱ्याचशा वडिलांकडून मुलाकडे आल्यात, वारसाहक्काने.

माझ्या एका मित्राकडेही अशीच आली. आयटीवाला, रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवणारा, वीकएन्डला मात्र वेगळाच माणूस. गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. इतकी वर्षं तिने तक्रारीला जागाच ठेवली नव्हती, पण पिकअप गेलं होतं. एका बोनसमध्ये त्याने ठरवलं, आता इंजिन खोलायचंच. आणि खोलतोच आहोत तर साधं का बांधायचं? ब्लॉक ०.५० ओव्हरसाइज बोअर झाला, पिस्टन-रिंगा नवीन आल्या, ऑइल पंप बदलला. कॅम जास्त लिफ्टचा घासून घेतला, त्याला झेपतील अशा कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा टाकल्या आणि हेडर एक्झॉस्ट लागला. हेडचं काय? तर व्हॉल्व्ह घासले, सील नवे टाकले, हेड पॉलिश केलं. गाइड जुनेच, दोन लाख किलोमीटर चाललेले.

गाडी आली ती वाघासारखी. पहिला महिना नुसती मजा. मग एका रविवारी त्याने डिपस्टिक काढली आणि चेहरा पडला. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली! हजार किलोमीटरला साधारण पाऊण लिटर गायब. या इंजिनात मुळात ऑइल मावतं सव्वातीन-साडेतीन लिटर, त्यामुळे पाऊण लिटर ही काही चिल्लर नाही. काही युरोपियन कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, हे खरं. पण नुकतंच बांधलेलं इंजिन त्या मर्यादेलाही मागे टाकत असेल तर काहीतरी बिघडलंय.

गॅरेजवाल्याचं पहिलं उत्तर अगदी रास्त होतं. ‘साहेब, रिंगा बसायच्यात अजून. जरा चालवा.’ नव्या रिंगांना सिलिंडरच्या भिंतीशी जुळवून घ्यायला थोडा वेळ लागतोच. पण हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये त्यांचं लग्न जमायला हवं. तीन हजार झाले तरी धूर तसाच. मग दुसरं उत्तर आलं, ‘साहेब, ब्लॉक परत खोलावा लागेल.’

आणि इथे मित्राला घाम फुटला. खर्च हा एक भाग झाला. खरी भीती वेगळीच होती. सिलिंडर बोअर करणं म्हणजे आतली भिंत खरवडून मोठी करणं. त्याला मर्यादा असते. अशा इंजिनांना ओव्हरसाइज पिस्टन साधारणपणे ०.२५ आणि ०.५० मिलिमीटर असेच मिळतात. त्याचा ब्लॉक आधीच ०.५० वर गेलेला. पुढची पायरी म्हणजे स्लीव्ह ठोकणं किंवा भंगारातून दुसरा ब्लॉक शोधणं. तो तरी कोणत्या अवस्थेत मिळणार? थोडक्यात, निदान चुकलं तर बाबांच्या गाडीचं मूळ इंजिन कायमचं संपलं.

धूर कधी येतो, ते बघा!

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं सगळ्यांना माहीत असतं. (पांढरा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट, काळा असेल तर पेट्रोल जास्त. हे जाता जाता.) पण धूर कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. रिंगा खराब असतील तर गाडीला जोर लावला की धूर येतो, ओझं असेल, चढ असेल, एक्सप्रेसवेवर दाबली असेल, की मागे लोट चालूच.

आमच्या हिरोच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. एक्सप्रेसवेवर फुल दाबली तरी आरसा स्वच्छ. पण पाचगणीहून परत येताना पसरणी घाट उतरलो. सेकंड गिअर, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला, गाडी इंजिन ब्रेकिंगवर. खाली वाईजवळ सपाटीला लागल्यावर त्याने पाय दिला आणि मागचा टेम्पो दिसेनासा झाला! टेम्पोवाल्याने जे काही म्हटलं ते इथे छापता येणार नाही. तसाच दुसरा प्रकार सकाळी. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्या स्टार्टला एक मोठा निळा ढेकर देणार आणि मग शांत. तिसरा सिग्नलला. दोन मिनिटं आयडलिंग, मग निघताना भस्स.

हे तिन्ही प्रसंग एकाच दिशेला बोट दाखवतात. वर. हेडकडे.

गाइड म्हणजे काय रे भाऊ?

व्हॉल्व्ह म्हणजे लांब दांडीचं झाकण. पेट्रोल-हवा आत घ्यायची तर इनलेट व्हॉल्व्ह उघडणार, जळालेला गॅस बाहेर टाकायचा तर एक्झॉस्ट. ही दांडी ज्या नळीतून वर-खाली होते ती नळी म्हणजे गाइड. सिटीमध्ये सोळा व्हॉल्व्ह, म्हणजे सोळा गाइड. दांडीची जाडी साडेपाच मिलिमीटर, आपल्या साध्या पेन्सिलपेक्षाही बारीक. सात हजार आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला साडेतीन हजार वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला अठ्ठावन्नच्या आसपास. तुम्ही ‘व्हॉल्व्ह’ हा शब्द उच्चारेपर्यंत तो तीस-चाळीस वेळा उघडून मिटलेला असतो.

गाइडची कामं दोन. एक, व्हॉल्व्ह सरळ रेषेत ठेवणं, म्हणजे तो दरवेळी सीटवर बरोबर मध्ये बसेल. दोन, उष्णता बाहेर काढणं. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर टेकतो तेव्हा हेडमध्ये जाते, पण साधारण पाव हिस्सा दांडीतून गाइडमार्गे जातो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतं, तेव्हा हा पाव हिस्साही मोलाचा असतो.

दांडी आणि गाइडमध्ये किंचित फट लागते, ऑइलचा पातळ थर राहावा म्हणून. किती किंचित? या जातीच्या होंडा इंजिनांत नव्या इनलेट गाइडला ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर. ०.०८ झाली की गाइड रिटायर. एक्झॉस्टला गरमीमुळे जरा जास्त सूट, ०.११ पर्यंत. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. एका कागदाच्या जाडीइतका फरक आणि गाडी ऑइल प्यायला लागते!

आता घाटातल्या धुराचं कोडं. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हवेचा दरवाजा बंद होतो, पण चाकं इंजिनला फिरवतच असतात. पिस्टन हवा ओढायला बघतायत आणि हवा तर नाही. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम पाव उरतो. वर, हेडमध्ये, ऑइल खेळतंय. खाली जबरदस्त ओढ. मध्ये फक्त ती फट आणि तिच्या टोकावरचं छोटंसं रबरी सील. फट मोठी झाली असेल तर स्ट्रॉने कोल्ड कॉफी ओढावी तसं ऑइल खाली ओढलं जातं, पोर्टमध्ये साचतं, आणि तुम्ही पाय दिलात की एकदम जळतं. जोर लावलेला असताना ओढ जवळपास नसतेच, म्हणून एक्सप्रेसवेवर आरसा स्वच्छ.

‘पण सील तर नवीन टाकले होते ना?’ हा माझाही प्रश्न होता. सीलचं काम दांडीवरचं ऑइल पुसून मोजकंच खाली जाऊ देणं. पण दांडीच डुगडुगत असेल तर सीलची कड तिच्या मागे किती धावणार? खिडकीची कडी ढिली असेल तर नवीन रबर लावून पाऊस थांबतो का? दोन-चार दिवस थांबतो. तसंच इथे. नवं सील थोडे किलोमीटर साथ देतं, मग एका बाजूने झिजून हात वर करतं. म्हणूनच गाडी पहिल्या महिन्यात वाघ होती.

त्यात एक उपरोध आहे. खालचा भाग नवा केल्यावर वरचा जुना भाग जास्त गळू शकतो, असं जुने मिस्त्री आवर्जून सांगतात. पटण्यासारखंच आहे. नव्या रिंगा घट्ट बसल्या की पिस्टनची ओढही तगडी होते, आणि ती ओढ पहिली कमजोर जागा शोधते.

परफॉर्मन्सची किंमत

साध्या गाडीत गाइड लाखो किलोमीटर टिकतात. मग बांधलेल्या इंजिनात इतकी घाई का? कारण कॅम सरळ दाबत नाही. कॅम रॉकरला दाबतो, रॉकर व्हॉल्व्हच्या डोक्यावर दाबतो, आणि दाबताना थोडा घसरतोही. म्हणजे दांडीला खाली ढकलताना एक बारीक धक्का बाजूलाही बसतो. तो गाइड सोसतो. लिफ्ट वाढवला, घसरण वाढली. स्प्रिंगा कडक केल्या, दाब वाढला. रेव्ह वाढवले, धक्क्यांची संख्या वाढली. सगळं बिल गाइडच्या नावावर.

आणि आपल्याकडचे बरेच ‘हॉट कॅम’ हे नवे कॅम नसतातच, जुनाच कॅम घासून बनवलेले असतात. उंची वाढवता येत नाही म्हणून तळ घासून लिफ्ट मिळवायचा. मग रॉकर आणि व्हॉल्व्हमधलं अंतर वाढतं, ते स्क्रू बाहेर काढून भरायचं, आणि त्यात रॉकरचा कोनच बदलतो. स्पर्श व्हॉल्व्हच्या डोक्याच्या मध्यावरून कडेला सरकतो. गाइड एकाच बाजूने झिजायला लागतो. नळीचं भोक गोल राहत नाही, अंडाकृती होतं, दोन्ही टोकांना घंटेसारखं पसरतं आणि मध्ये मात्र ठीक असतं. म्हणून गाइड एकाच जागी मोजून ‘ओके आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वर, मध्ये, खाली, तीन जागी मोजायला हवं.

हा फक्त आपल्या गल्लीतल्या जुगाडाचा प्रॉब्लेम आहे असं वाटत असेल तर थांबा. १९९४ ते १९९९ दरम्यान बनलेली फेरारी एफ३५५ आठवते? साडेतीन लिटर, आठ सिलिंडर, प्रत्येकी पाच, म्हणजे एकूण चाळीस व्हॉल्व्ह. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांतले ब्रॉन्झचे गाइड लवकर झिजतात म्हणून ती कुप्रसिद्ध आहे. चाळीस गाइड बदलण्याचं बिल, तेही फेरारीचं! विचारच नको. अमेरिकेत २००६ ते २०१३ च्या कॉर्वेट झेड०६ मधलं सात लिटरचं, ५०५ हॉर्सपॉवरचं एलएस७ इंजिन, तिथेही गाइडची झीज हाच मालकांचा कायमचा धसका. आणि १९८० च्या दशकातल्या पोर्शे ९११ कॅरेरा ३.२ च्या चाहत्यांमध्ये तर सेकंडहँड गाडी घेताना पहिला प्रश्नच असतो, गाइड केलेत का? म्हणजे मित्रा, तुझी कंपनी चांगली आहे.

(आरएक्स१०० वाल्यांनो, तुम्ही आरामात बसा. तुमच्या टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, गाइड नाहीत आणि ऑइल जाळणं हे तर तिचं कामच आहे.)

‘मग खाली कशाला हात लावताय?’

मित्राला कुणीतरी भोसरीच्या बाजूच्या एका छोट्या वर्कशॉपचा पत्ता दिला. फक्त हेडचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्री, सगळे त्यांना काका म्हणतात. मी आत शिरले तर पहिलं वाक्य, ‘मॅडम, बाहेर बसा, कपडे खराब होतील.’ मी म्हटलं, ‘काका, जीन्स आहे, चालतं.’ मग हसले आणि स्टूल पुढे केलं.

‘कॉम्प्रेशन किती?’ त्यांनी मित्राला विचारलं. चारही सिलिंडरला १८० पीएसआयच्या आसपास, चौघांत पाचपेक्षा जास्त फरक नाही. ‘प्लग?’ दोन आणि तीन नंबरचे ओले. ‘मग खाली कशाला हात लावताय?’

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये व्हॉल्व्ह बंद असतात. बंद व्हॉल्व्ह सीटवर घट्ट बसला असेल तर हवा बाहेर जात नाही, गाइड कितीही खिळखिळा असू दे, तो सीटच्या पलीकडे आहे. म्हणजे ही टेस्ट गाइडबद्दल काहीच सांगत नाही. पण ती रिंगांबद्दल बरंच सांगते. अर्थात तिथेही एक पळवाट आहे. पिस्टनवरची सगळ्यात खालची, ऑइल पुसणारी रिंग अडकली असेल तर कॉम्प्रेशन चांगलं दिसूनही ऑइल जळू शकतं. म्हणून काकांनी नुसत्या आकड्यावर निकाल दिला नाही. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून बघितला. इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा हा छोटा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर तोही ऑइल ओढतो, आणि तो काही शे रुपयांत बदलता येतो. तो ठीक निघाला. मग प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत घातला. पिस्टनच्या कडा कोरड्या. रिंगांकडून ऑइल येत असेल तर कडा धुतल्यासारख्या दिसतात. मग इनटेक पोर्टमधून व्हॉल्व्हची पाठ बघितली. तव्यावर करपलेल्या गुळासारखा काळा, ओलसर थर.

‘हेड काढा,’ काका म्हणाले. ‘ब्लॉकला हात लावू नका.’

हेड निघालं. काकांनी व्हॉल्व्ह थोडा वर उचलून डायल गेज लावला आणि बोटाने हलवला. काटा नाचला. मग प्रत्येक गाइड तीन जागी मोजला आणि सगळे आकडे एका पुठ्ठ्यावर खडूने लिहिले. सगळ्यात वाईट इनलेटची फट ०.१३. मर्यादा किती, आठवतंय ना? ०.०८. एक्झॉस्टमध्ये सगळ्यात वाईट ०.१६. सोळापैकी अकरा गाइड मर्यादेच्या बाहेर. या गाइडांवर नवे सील बसवले गेले होते, आणि त्याचं बिलही झालं होतं.

फ्रीझर आणि भट्टी

गाइड बदलणं हे ऐकायला हातोडीचं काम वाटतं. तसं केलं तर हेडची वाट लागते. गाइड हेडमध्ये घट्ट चेपून बसवलेला असतो. होंडाची पद्धत अशी की अख्खं हेड दीडशे अंशांपर्यंत सारखं तापवायचं. तेही गॅसच्या बत्तीने नाही, कारण एका जागी जास्त तापलं तर अ‍ॅल्युमिनियम वाकतं. नवे गाइड त्याआधी तासभर फ्रीझरमध्ये. गरम भोक पसरतं, थंड गाइड आकसतो, आणि मग तो मापात ठोकून बसवायचा. काकांच्या वर्कशॉपमधल्या छोट्या फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी सोळा गाइड एका डब्यात मांडलेले बघून मला जाम हसू आलं. ते मात्र सिरियस होते.

बसवल्यावर रिमर. आतलं भोक नेमक्या मापाला आणायचं, ऑइल लावून, हळूहळू, आणि रिमर एकाच दिशेने फिरवायचा. बाहेर काढतानाही उलटा फिरवायचा नाही. आणि यानंतरची पायरी जिथे सगळ्यात जास्त लोक कात्री लावतात, ती म्हणजे सीट पुन्हा कापणं. नवा गाइड आला की व्हॉल्व्हचा मध्यबिंदू केसभर सरकतो. जुनी सीट आता त्याच्या मध्यावर नाही. सीट न कापता नुसते व्हॉल्व्ह घासून बंद केलं तर झाकण तिरकं बसणार आणि नवा गाइड पहिल्या दिवसापासून एका बाजूने झिजणार. म्हणजे पुन्हा आपण तिथेच.

स्वस्तातले पर्याय आहेत. जुन्या गाइडच्या आत आटे पाडून धातू थोडा आत उचलायचा आणि मापाला रिम करायचं, हा जुना उपाय. गाडी विकायची असेल तर ठीक! दुसरा, जुना गाइड थोडा मोठा करून आत ब्रॉन्झचं पातळ अस्तर घालायचं. हे नीट केलं तर चांगलं टिकतं, ब्रॉन्झ उष्णताही छान वाहून नेतं. आयतं मापाचं गाइड मिळत नसेल तेव्हा तर हाच मार्ग. नाना पेठेत पार्ट शोधायला गेलात तर एक लक्षात ठेवा. गाइडची बाहेरची जाडी आणि लांबी नेऊन मोजून घ्या, डब्यावरचं नाव वाचून नाही. आणि होंडाचे सील घेताना इनलेट आणि एक्झॉस्टचे वेगळे असतात. इनलेटच्या सीलची स्प्रिंग पांढरी, एक्झॉस्टची काळी. अदलाबदल केली की सगळं मुसळ केरात.

पीयूसी आहे की!

‘पण पीयूसी तर पास होते ना?’ हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. होते, होऊ शकते. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत गाडी उभी असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. घाट उतरल्यावरचा तो एक लोट तिथे कुणी बघत नाही. पण सर्टिफिकेट खिशात असलं तरी ऑइल आपलं काम करतच असतं. प्लगवर काजळी, व्हॉल्व्हवर कार्बन, इंजिनात नॉकिंग, कारण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं की ते लवकर भडकतं. आणि सगळ्यात महागडा बळी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. ऑइलमधले फॉस्फरस आणि झिंक त्याच्या आतल्या थरावर बसतात आणि तो हळूहळू निकामी होतो. पंधरा वर्षांनंतर गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी वाढवून घ्यायचं असतं, तेव्हा आरटीओत गाडी तपासली जाते. त्या दिवशी मागे निळा लोट दिसला तर तिथल्या इन्स्पेक्टरसमोर व्हीटेकची कथा सांगून उपयोग नाही.

म्हणून इंजिन बांधायला देताना एक गोष्ट पैशांच्या आधी बोला. ‘हेड सर्व्हिस’ या दोन शब्दांत काय काय आहे? गाइड मोजणार का, आकडे लिहून देणार का? गॅरेजवाल्याला राग आला तर येऊ दे. चांगल्या माणसाला येत नाही. उलट त्याला बरं वाटतं की कुणीतरी विचारलं. पैसे कमी असतील तर माझं स्पष्ट मत आहे, हेडर आणि कॅम पुढच्या बोनसला ठेवा, गाइड आणि सीट आत्ता करा. आवाज सहा महिने उशिरा आला तरी चालेल.

मित्राची गाडी अकरा दिवसांनी परत आली. ब्लॉक न खोलता. सोळा गाइड, सोळा सील, सीट कापलेल्या, हेड गॅस्केट नवीन, आणि टायमिंग बेल्ट तर उघडलंच आहे म्हणून बदलला. पहिल्या हजार किलोमीटरला डिपस्टिकवर खूण जेमतेम हलली. तीन हजारांनंतर दोनशे मिलिलिटरच्या आसपास टाकावं लागलं. गेल्या महिन्यात पुन्हा पसरणी घाट उतरून आलो. या वेळी मागचा टेम्पो शेवटपर्यंत दिसत होता.

एक गोष्ट मात्र मिटलेली नाही. काकांनी व्हॉल्व्हच्या डोक्यांना निळं लावून रॉकरचा स्पर्श बघितला, तर तो अजूनही मध्यापासून थोडा कडेलाच आहे. दोष त्या घासलेल्या कॅमचा. ‘हा कॅम ठेवलात तर गाइड परत लवकर जातील. चाळीस हजारांवर आणा, मोजून बघू,’ असं त्यांनी सांगितलंय. मित्राने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि कॅम ठेवला. त्या आवाजासाठी. चाळीस हजार किलोमीटर त्याने डॅशबोर्डवर एका स्टिकरवर लिहून ठेवलेत, सध्या सहा हजार झालेत.